घरातले कान

आमच्या घरी जी राहते तिची आई पामेलियन आणि बाप मोहल्ल्याचा. पामेलियन हा शब्द नागपुरात असाच म्हणतात आणि कोणी पॉमेरेनियन असा सुधारून सांगितला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा असाच म्हणतात. कन्हानला माझा एक जुना सहकारी राहतो. त्याच्या घरच्या केसाळ, लाडावलेल्या, बिस्किटावर वाढलेल्या कुत्रीने एका हिवाळ्यात कुंपण ओलांडलं आणि खानदानाचं नाव धुळीला मिळवलं. पिल्लं झाली ती सगळी उसनवारीवर बनवल्यासारखी. एकाला आईचे केस आणि बापाचे पाय, दुसऱ्याला बापाचं तोंड आणि आईचा नखरा. लोकांनी निवडून निवडून नेली आणि शेवटी ही एक उरली. अंगाने सगळी पांढरी, डोळ्यांना काजळ घातल्यासारखी काळी कड, आणि एवढीशी की पाटावर बसवली तर पाटच मोठा दिसावा.

सहकाऱ्याने ती मला दिली. दिली म्हणजे, मी नको नको म्हणत असताना भाजीच्या पिशवीत बसवून पिशवी माझ्या स्कूटरच्या हँडलला अडकवली. "घेऊन जा गा, घरात कोणी तरी पाहिजे," एवढंच तो म्हणाला. त्या वर्षी माझी बायको गेली होती. मुलगी लग्न होऊन पुण्याला. मी निवृत्त. घरात बोलायला भिंती होत्या आणि भांडायला टीव्ही. मी पिशवी परत त्याच्या हातात दिली नाही, हेच माझं हो म्हणणं.

कन्हानपासून नागपूरपर्यंत ती पिशवीतून डोकं बाहेर काढून बसली होती. ट्रक जात होते, बस जात होत्या, कामठीच्या चौकात कोणाच्या तरी लग्नाचा बँड वाजत होता. पिल्लू हूं की चूं करेना. घरी आल्यावर समोरच्या वहिनींना मी मोठ्या कौतुकाने सांगितलं की बँडच्या बाजूने आणली, पण घाबरली नाही. वहिनी म्हणाल्या, "वाघीण दिसते भाऊ तुमची." झालं. त्या दिवसापासून ती वाघीण ठरली आणि पुढची कित्येक वर्षं आम्ही दोघांनी मिळून तिचा हा लौकिक ले-आउटमध्ये, म्हणजे आमच्या साऱ्या वस्तीत, पसरवला.

लौकिक पसरायला कारणही तसंच होतं. दिवाळीत आमच्या गल्लीत फटाक्यांनी कहर होतो. कोपऱ्यावरच्या बंगल्यात एक भला मोठा लॅब्राडोर आहे. त्याच्यासाठी उन्हाळ्यात वेगळा एसी लावतात, त्याचं खाणं थैलीतून येतं, त्याचा वाढदिवस होतो. तो लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पलंगाखाली शिरतो तो भाऊबीजेलाच बाहेर येतो. आणि आमची ही गेटच्या आत, पुढचे पाय जुळवून, सुतळी बॉम्बकडे अशी बघत बसायची की जणू हिच्या परवानगीनेच वाजवून राहिले. मी खुर्ची टाकून तिच्या शेजारी बसायचो आणि बंगल्याकडे बघून उगाचच मिशीवरून हात फिरवायचो. खानदानी रक्ताला मोहल्ल्याच्या रक्ताने खाली मान घालायला लावलेली पाहून मला फार बरं वाटायचं.

तिचं नाव सांगत नाही, कारण नक्की कोणतं सांगू हा प्रश्नच आहे. मुलीने पुण्याहून एक इंग्रजी नाव पाठवलं. वहिनींनी दुसरंच ठेवलं. मी नुसतं "ये वं" म्हणतो. ती तिघांकडेही जायची. कधी कधी यायची नाही. पाठमोरी बसून मुंग्या बघत असली तर मी दहादा बोलावलं तरी ढिम्म. मी म्हणायचो, मानी आहे, तिच्या मर्जीने येते. माझी बायकोही अशीच होती, त्यामुळे मला त्याचं काही नवल वाटलं नाही.

आता माझ्या कानांबद्दल सांगायला पाहिजे. माझी सगळी नोकरी वीज केंद्रात गेली, टर्बाइनच्या हॉलमध्ये. ज्याने तो हॉल पाहिला नाही त्याला तो आवाज सांगून कळायचा नाही. तिथे आवाज कानाने ऐकू येत नाही, तो छातीत येऊन बसतो. शेजारचा माणूस ओरडला तरी त्याचं तोंड हललेलं दिसतं, बस. म्हणून आम्ही हातांनी बोलायचो. तळवा खाली दाबला की हळू. मूठ फिरवली की व्हॉल्व्ह. दोन बोटं डोळ्यांकडे नेली की तिकडचा काटा बघ. गळ्यासमोरून हात आडवा नेला की बंद कर. चिमूट तोंडाशी नेली की चल जेवायला. कानात घालायचे बोळे मिळायचे, पण ते आम्ही गळ्यात माळेसारखे घालायचो, कारण कान उघडे असले की मशीनची तब्येत कळते, असा आमच्यात एक मोठेपणा होता. त्या मोठेपणाने माझे कान नेले.

हात मात्र सवयीचे राहिले. घरी बोलतानाही माझे हात चालतात. बायको वैतागायची. "हे घर आहे, तुमचा हॉल नाही," म्हणायची, आणि पोळी हवी की नको ते तिला माझ्या तोंडातून ऐकायचं असायचं. मी तोपर्यंत हातानेच नको म्हणून मोकळा झालेलो असायचो.

कान हळूहळू जात होते तोपर्यंत मी कोणाला कळू दिलं नाही. टीव्हीचा आवाज वाढला, लोकांचा आवाज कमी झाला, मी सारखं "काय म्हटलं?" विचारायला लागलो. मुलगी कानाची मशीन घ्या म्हणाली. मी साफ नकार दिला. कानात ते बटण अडकवून फिरायचं म्हणजे कपाळावर म्हातारा असं लिहून फिरायचं, असं मला वाटायचं. आणि मला गरजही नव्हती, कारण तोपर्यंत माझे कान ही झाली होती.

हे कसं झालं ते मला नीट सांगता येत नाही. तिला कोणी शिकवलं नाही. गेट उघडलं की ती उठायची, माझ्यापाशी यायची आणि गुडघ्यावर पंजा ठेवायची. भुंकायची नाही. मी पेपर वाचत असो की झोपलेलो असो, एकच पंजा, हलकासा, आणि मग दाराकडे तोंड. फोन आला की दोन्ही पंजे. मी दिवाणावर फोन ठेवून झोपतो आणि ती फोनच्या शेजारी झोपते. कुकरवर डाळ लावून मी विसरलो की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी जाऊन, मान वळवून माझ्याकडे अशी बघायची की लाज वाटून मी उठायचो. या माणसाला ऐकू येत नाही हे माझ्या मुलीला कळायला वर्ष लागलं, वहिनींना त्याहून जास्त, आणि हिला पहिल्या आठवड्यात कळलं असावं. कळलं आणि तिने ते काम अंगावर घेतलं, कोणी नेमणूक केली नाही की पगार ठरवला नाही. मला तिचा अभिमान वाटायचा, आणि खरं सांगतो, आधारही वाटायचा.

पण पुण्याला हे कुठे माहीत होतं. एका दुपारी मी फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर विसरून दिवाणावर आडवा झालो. मुलगी दुपारभर फोन लावत बसली. शेवटी तिने वहिनींना फोन केला, वहिनी धावत येऊन गेट हलवायला लागल्या, आणि हिने मला उठवलं. मी दार उघडलं तर वहिनींच्या हातात फोन आणि फोनवर रडवेली मुलगी.

त्या आठवड्यात मुलगी नागपूरला आली. बॅग ठेवायच्या आधी बोलायला लागली. "बाबा, तुम्ही मशीन घेत नाही, फोन ऐकत नाही. काही झालं तर मले कसं कळणार? आता पुण्याले चला."

"अन् हिचं काय?" मी विचारलं.

तिने आता कुठे बॅग खाली ठेवली. तिच्या सासूबाईंना कुत्र्याचं चालत नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मला पुण्यात खोली मिळाली असती, चहा वेळेवर मिळाला असता, नातवंडं मिळाली असती. हिला कोण ठेवणार होतं? कन्हानचा सहकारी आता मुलाकडे राहायला गेला होता. वहिनींच्या गुडघ्यांनी त्यांचंच होत नव्हतं. ही गल्लीत राहिली असती, आईच्या वळणावर गेलेली आणि बापाच्या नशिबाला आलेली. मी मुलीला म्हणालो, "माझे कान हिच्यापाशी आहेत. तुले खोटं वाटत असेल तर पाहून घे."

तिने पाहिलं. आठवडाभर राहिली आणि माझी मुलगी असल्यामुळे तिने कसून परीक्षा घेतली. हळूच बाहेर जाऊन गेट उघडायची. आतल्या खोलीतून मला फोन लावायची. मी झोपलो असताना वहिनींना पाठवायची. ही प्रत्येक वेळी पास झाली. शेवटच्या दिवशी तर मुलीने गेट उघडलं आणि आत न येता तिथेच उभी राहिली, तरी हिने येऊन माझ्या गुडघ्यावर पंजा ठेवला. मुलीने गेटपासूनच उघड्या दारातून हे पाहिलं. तिने हिला उचलून घेतलं, तिच्या कपाळावर कपाळ टेकलं आणि म्हणाली, "ठीक आहे. ही आहे तोवर तुम्ही इथं राहा. पण ही आहे तोवरच."

असा आमचा करार झाला, आणि माझं राहतं घर त्या एवढ्याशा पांढऱ्या जीवाच्या नावावर झालं.

हे सगळं हिवाळ्यात झालं. मग एप्रिल आला आणि मी कूलर काढला. आमचा कूलर जुना, लोखंडी, खिडकीत स्टँडवर बसवलेला. नवीन वाळा लावला, मोटर चालू केली. तो सुरू झाला की खिडकी हलते, फरशी थरथरते, तांब्यातलं पाणी शहारतं. पण हवा अशी फेकतो की त्याला मोडीत द्यायला जीव होत नाही. ही कूलरसमोर चारी पाय ताणून पसरली आणि मीही पसरलो.

तासाभराने डोळे उघडले तर समोर वहिनी उभ्या. हातात कैरीच्या लोणच्याची बरणी. गेट उघडून, दार ढकलून, आत येऊन माझ्या उशाशी उभ्या होत्या, आणि ही झोपलेलीच. वहिनींनी वाकून हात लावला तेव्हा दचकून उठली.

"भाऊ, हिची तब्येत बरी नाही वाटून राहिली," वहिनी म्हणाल्या. मी म्हणालो उन्हाने सुस्तावली असेल. पण दुसऱ्या दिवशी गॅसवाला सिलिंडर घेऊन आला, गेट वाजवत थांबला आणि निघून गेला, तेही आम्हाला तेव्हा कळलं नाही. तिसऱ्या दिवशी दूधवाला.  हिला काही झालं असेल ही एक भीती, आणि हिच्याबरोबर माझं घर जाईल ही दुसरी. दोन्हींपैकी कोणती मोठी होती ते मी त्या वेळी स्वतःलाही विचारलं नाही. तिला मांडीवर घेऊन ऑटोने रामदासपेठेत डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने ताप पाहिला, दात पाहिले, पोट दाबलं. कान पाहताना मात्र थांबली. माझ्या मांडीवर बसून ही खिडकीतल्या कावळ्याकडे बघत होती. डॉक्टर मागे गेली आणि जोरात टाळी वाजवली. मग किल्ल्या हलवल्या. मग स्टीलचं भांडं हातात उंच धरून त्यावर चमचा आपटला, तो आवाज माझ्याही कानात शिरला. हिचा कान हललासुद्धा नाही. कावळा उडून गेला, तेव्हा हिने मान वळवली.

डॉक्टर काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, "काय म्हटलं?"

"काका, ऐकू येत नाही," ती मोठ्याने म्हणाली.

"ते मले माहीत आहे. माझं सोडा, हिचं सांगा," मी म्हणालो.

"हिचंच सांगते आहे काका. हिला ऐकू येत नाही. जन्मापासूनच येत नसेल. अशी पूर्ण पांढरी असतात त्यांच्यात कधी कधी होतं असं."

मी हसलो. मी तिला सांगितलं की बाई, ही माझे कान आहे, ही गेट उघडलं की सांगते, फोन आला की सांगते. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "गेट लोखंडी आहे? फरशीला घासतं?" मी हो म्हटलं. "फोन थरथरतो का वाजताना? आणि हल्ली घरात नवीन काही सुरू केलं का, मोटर वगैरे?"

कूलर, मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच मला सगळं समजलं.

घरी येऊन मी पहिल्यांदा कूलर बंद केला. फरशी शांत झाली. ही दिवाणाखाली पोट टेकून पडली. मी वहिनींना गेट उघडायला सांगितलं. गेटचा खालचा दांडा फरशीला खरडत गेला आणि ही उठली. पोटातून, पंजांतून, हाडांतून जे काही येत असेल त्याने उठली, आणि माझ्या गुडघ्यापाशी आली. फोन दिवाणावर ठेवला तर दोन पंजे. तोच फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला तर काही नाही. कुकरची शिट्टी तिने जन्मात ऐकली नव्हती, डाळीच्या वाफेचा वास तिला शिट्टीच्या आधी पोचत होता. दिवाळीतली वाघीण, बँडला न घाबरलेली, तीन नावांना ओ देणारी, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. नावांना ती कधीच येत नव्हती. वहिनी मांडीवर थाप मारतात, मुलगी खाली बसून हात पसरते, आणि मी चार बोटं वळवून, हॉलमध्ये हेल्परला बोलवायचो तसं, बोलावतो. चिमूट तोंडाशी नेली की ती ताटलीपाशी जायची. तळवा दाबला की बसायची. गळ्यासमोरून हात आडवा नेला की पायपुसणं ओढायची थांबायची. मी इतकी वर्षं तिच्याशी तोंडाने बोलत होतो असं मला वाटत होतं आणि ती माझे हात वाचत होती. हॉलमधली ती भाषा, जी माझ्या बायकोने घरात शिरू दिली नाही, ती हिने आल्या आल्या उचलली होती.

त्या संध्याकाळी मी तिला शेजारी घेऊन नुसता बसून राहिलो. मला तिचा जो आदर वाटला तो मी नोकरीत फार थोड्या माणसांबद्दल बाळगला. माझे कान गेले म्हणून मी जगाशी भांडण काढून बसलो होतो. हिला ते मिळालेच नव्हते आणि हिने भांडणासाठी वेळ काढला नव्हता. जे होतं, पाय, नाक, डोळे, ते सगळं कामाला लावून तिने स्वतःचं तर भागवलंच, वर माझंही भागवलं.

पण पुण्याला काय सांगायचं? ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. मी तर फोनवर ताकाचं नावच काढलं नाही. मुलीने विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. मी म्हणालो, उन्हाचं आहे, ताक-भात द्या म्हणाले. कूलर बंद ठेवून मी पंख्याखाली उकडत बसायला लागलो, म्हणजे फरशी शांत राहील आणि करार टिकेल. एप्रिलच्या नागपुरात कूलर असून बंद ठेवणारा माणूस पाहून वहिनींना माझ्याच तब्येतीची शंका यायला लागली.

हे फार दिवस चाललं नसतं, पण त्याआधीच एका सकाळी ते संपलं. मी गेटबाहेरच्या नळाला पाइप लावून झाडांना पाणी घालत होतो. ही गल्लीच्या मध्ये कोणीतरी टाकलेली आंब्याची कोय चाटत बसली होती, माझ्याकडे पाठ करून. आमची गल्ली पुढे बंद आहे, म्हणून कचऱ्याची गाडी उलटी आत येते. ती आली. तिच्यावर गाणं वाजत होतं, ड्रायव्हर हॉर्न मारत होता, वहिनी वरच्या गॅलरीतून ओरडत होत्या. हे सगळं मला नंतर कळलं. मला पाइपमधलं पाणी दिसत होतं आणि पानांवरची धूळ निघून जाताना दिसत होती. पाण्याने जमीन ओली झालेली, त्यात मातीचा रस्ता, हिच्या पायांना काही पोचलं नसावं. गाडीच्या आरशात ती दिसण्याइतकी मोठीही नाही.

वहिनींनी शेवटी आपली चप्पल माझ्या पाठीवर फेकली. मी चिडून वळलो, आणि मला चाक दिसलं. चाकापुढे ती, मान खाली घालून, कोयीत रमलेली. मी हात केला. तळवा खाली, गळ्यासमोर आडवा, येतील तेवढ्या सगळ्या खुणा केल्या, पण ती बघतच नव्हती. मी धावलो आणि चिखलात गुडघ्यावर पडून तिला ओढलं. आरशात मी रस्त्यात पडलेला दिसल्यावर गाडी थांबली. ड्रायव्हर खाली उतरला. तो बिचारा घाबरून पांढरा पडला होता. "काका, केव्हाचा हॉर्न मारून राहिलो ना," तो म्हणाला, "तुम्ही पाहूनच नाही राहिले."

मी उठलो. तिला छातीशी धरून आत आलो. तिला काय झालं होतं याचा पत्ताच नव्हता, ती तोंडातली कोय सोडायला तयार नव्हती.  तिने माझ्यासाठी रोज गेट ऐकलं होतं, जेवढं तिच्याच्याने होतं त्याहून जास्त. आणि तिच्यासाठी एक हॉर्न ऐकायची वेळ आली तेव्हा मी पाठ करून उभा होतो. तिच्या कानांना उपाय नाही, असं डॉक्टरने सांगितलं होतं. माझ्या कानांना होता, तो दुकानात मिळत होता, आणि मी तो मिजाशीपायी घेतला नव्हता. मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

त्याच दिवशी अंघोळ करून, गुडघ्याला हळद लावून मी धंतोलीत गेलो. कानाच्या मशीनवाल्याने मला काचेच्या पेटीसारख्या खोलीत बसवलं, शिट्ट्या ऐकवल्या, विचारलं, "काका, कोणासाठी अडलं होतं एवढे दिवस?" मी म्हणालो, "कोणासाठी अडलं नव्हतं. कोणासाठी तरी घेऊन राहिलो."

दोन्ही कानांत मशीन घालून घरी आलो. जग भलतंच गोंगाटाचं होतं. माझीच चप्पल फटफट वाजत होती, पिशवी कुरकुरत होती. कूलर लावला तर हॉलची आठवण आली. तिच्या नखांचा फरशीवर टिकटिक आवाज होतो हे मला माहीत नव्हतं, आणि ती घोरते हेही नव्हतं. एवढासा जीव, पण घोरणं माझ्या कन्हानच्या सहकाऱ्याच्या तोडीचं. मी पेपर बाजूला ठेवून ते बराच वेळ ऐकलं.

मग पुण्याला फोन लावला. ठरवलं होतं की हळूहळू सांगायचं, पण तिचा आवाज इतका स्पष्ट आला की मी गडबडलो आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. हिला जन्मापासून ऐकू येत नाही, मी तुला खोटं बोललो, परीक्षेत ती पास झाली ती पायांनी, आज गाडीखाली जाता जाता राहिली. "म्हणून मशीन घेतली," मी म्हणालो. "घरात एकाले तरी ऐकू आलं पाहिजे. आता तू म्हणशील तसं. पण पुण्याले मी एकटा नाही येणार, हे आधीच सांगून ठेवतो."

तिकडून काहीच उत्तर नाही. पूर्वी असं झालं की फोन कटला समजून मी ठेवून द्यायचो. या वेळी ठेवला नाही, कारण तिकडे शांतता नव्हती. एक बारीक आवाज येत होता. श्वास अडकत होता, नाक ओढलं जात होतं, तोंडावर हात दाबलेला असावा. ही तिची लहानपणापासूनची रडायची पद्धत. बायको गेली त्यानंतरच्या महिन्यांतही फोनवर बोलता बोलता ती अशीच मध्ये गप्प व्हायची आणि मी म्हणायचो, हे कनेक्शन काही खरं नाही, आणि ठेवायचो. किती वेळा ठेवला असेल.

"रडून काहून राहिली वं?" मी विचारलं.

तिकडचा आवाज एकदम थांबला.

"तुम्हाले ऐकू आलं?" तिने विचारलं.

"आलं," मी म्हणालो.

"मग राहा तिथंच," ती म्हणाली, आणि पुन्हा रडायला लागली. मी फोन कानाला धरून ते ऐकत बसलो.